७ एएचची बॅटरी आणि १ अँपिअरचा राउटर: काय जळतं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे की यूपीएसमधून काढलेली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी घरात पडून आहे, लाइट सारखी जाते, म्हणून तिच्यावर वायफायचा राउटर (मागे १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलंय), वडिलांचा चार मोठ्या सेलचा जुना रेडिओ आणि जमलंच तर मोबाइल चार्जिंग असं चालवायचंय. आणि दुकानदाराने घाबरवून ठेवलंय की ७ अँपिअरची बॅटरी १ अँपिअरच्या राउटरला लावली तर राउटर जळेल.

मी सव्वीस वर्षं रेडिओ, अँप्लिफायर आणि आता राउटर-इन्व्हर्टर असलं सगळं रिपेअर करतोय. टेबलावर जळून आलेल्या वस्तूंमध्ये अँपिअर जास्त झाले म्हणून जळलेली एकही बघितली नाही. व्होल्टेज जास्त झालं म्हणून, नाहीतर प्लस मायनस उलटं झालं म्हणून जळलेल्या मात्र पोत्याने बघितल्यात.

घरातल्या बोर्डावरचा मोठा सॉकेट १६ अँपिअरचा असतो ना, त्यात आपण अडॅप्टर लावून मोबाइलचा चार्जर खुपसतो, चार्जर जळतो का? नाही. कारण व्होल्टेज सप्लाय ठरवतो, आणि करंट किती ओढायचा हे वस्तू ठरवते. सॉकेटवरचा, अडॅप्टरवरचा, बॅटरीवरचा अँपिअरचा आकडा म्हणजे 'इतक्यापर्यंत माझी तयारी आहे' एवढंच. राउटरच्या मागे १ अँपिअर लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात तो बहुतेक वेळ अर्धा अँपिअर खातो. अडॅप्टरचे अँपिअर वस्तूपेक्षा जास्त असलेले उलट चांगले, कमी असले तर अडॅप्टर तापतो, व्होल्टेज पडतं आणि राउटर सारखा रीस्टार्ट होतो.

आणि ७ एएच म्हणजे ७ अँपिअर नाहीच मुळी, दुकानदाराची गल्लत तिथे झालीय. एएच म्हणजे अँपिअर गुणिले तास. या छोट्या सीलबंद लेड ॲसिड बॅटरीचा आकडा साधारण वीस तासांच्या हिशोबाने दिलेला असतो, म्हणजे ०.३५ अँपिअरने वीस तास. एका तासात ७ अँपिअर ओढायला गेलात तर तेवढं मिळत नाही, बरंच कमी मिळतं.

पण तुम्ही विचारलेला प्रश्न आणि खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहेत. बॅटरीवर छापलेलं '१२ व्होल्ट' हे तिचं नाव समजा, तिचं व्होल्टेज नाही. आपल्यात कसं, घरात सगळे ज्याला बाळ्या म्हणतात तो पन्नास वर्षांचा असतो, तसलं नाव. लेड ॲसिडच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं (सेल) असतात, पूर्ण चार्ज करून तासभर निवांत ठेवली की ती १२.६ ते १२.८ दाखवते, अर्धी संपली की १२.२ च्या आसपास, आणि लोड (म्हणजे जोडलेली वस्तू) चालू असताना १०.५ ला आली की तिथे थांबायचंच, त्याच्या खाली पिळली तर ती परत उठत नाही. चार्जर लावलेला असताना तीच बॅटरी १३.८, आणि जोरात चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते. म्हणजे तुमची '१२' ची बॅटरी ही खरं तर साडेदहा ते साडेचौदा अशी आहे. वस्तू या पूर्ण पट्ट्यात जगली पाहिजे, नुसती १२ ला जगून उपयोग नाही.

लिथियमचं पण तसंच. मोबाइल, लॅपटॉपमधला साधा लिथियम सेल ३.७ चा म्हणतात, पण भरला की ४.२ आणि संपला की ३. तीन सेल सिरीजमध्ये (एकापुढे एक) लावले की ऑनलाइन '१२ व्होल्ट बॅटरी पॅक' म्हणून विकतात, तो भरलेला असताना १२.६ आणि संपताना ९. दुसरा प्रकार लिथियम फॉस्फेट, सेल ३.२ चा, चार लावले की १२.८, चार्ज होताना १४.६. साधा पेन्सिल सेल १.५ चा, नवा असताना १.६, रेडिओ बंद पडेपर्यंत १ व्होल्टच्या खाली आलेला असतो, आणि रिचार्जेबल पेन्सिल सेल १.२ चा, म्हणजे चार मिळून ४.८. म्हणून काही खेळणी न् टॉर्च रिचार्जेबल सेलवर मंद चालतात, सेल खराब नसतात.

आता एकेक वस्तू घेऊ.

राउटर. बहुतेक राउटरच्या आत येणारं १२ व्होल्ट लगेच खाली उतरवून ३.३ वगैरे करणारं सर्किट असतं, त्यामुळे १२ च्या जागी १२.७ आले किंवा ११ आले तरी त्याला फरक पडत नाही. नुसत्या बॅटरीवर, चार्जर न लावता, डायरेक्ट जोडलेले राउटर मी वर्षानुवर्षं चाललेले बघितलेत. अडचण चार्जर सोबत जोडलेला असताना येते. मी जेवढे राउटर उघडले त्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडाशी जो कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा छोटा भाग) असतो तो १६ व्होल्टचा निघाला, आणि त्याच्यावर रोज १४.४ ठेवणं म्हणजे १६ माणसांच्या जीपमध्ये कायम सोळा माणसं कोंबून घाट चढवण्यासारखं, एखादा दिवस नेईल, वर्षभर नाही. २५ व्होल्टचा असेल तर बिनधास्त. पण उघडून कोण बघणार, वॉरंटी जाते, आणि भाड्याचा राउटर असेल तर कंपनीचा असतो.

म्हणून राउटर बॅटरीवर आणि बॅटरी चोवीस तास चार्जरवर असं करायचं असेल, मध्ये बक-बूस्ट मॉड्यूल टाका, म्हणजे येणारं १० असो नाहीतर १४.५ असो, बाहेर १२ च. नुसतं बक म्हणजे फक्त उतरवणारं, एलएम २५९६ चं जे निळं मॉड्यूल सगळीकडे मिळतं ते, इथे नीट जमत नाही, कारण त्याला येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा दीडेक व्होल्ट जास्त लागतं. बॅटरी १२.४ ला आली की ते ११ च देणार. राउटर त्यावरही चालेल बहुधा, पण मग मॉड्यूल लावलं कशाला.

या मॉड्यूलचा एक स्वभाव सांगून ठेवतो. त्याच्यावर पितळी स्क्रूचा छोटा प्रीसेट (बाहेरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची चावी) असतो, विकत आणल्यावर तो कुठेही सेट असतो, कधीकधी आत येईल तेवढंच बाहेर सोडतो, आणि दहा-बारा फेरे फिरवले तरी मीटर (व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर) हलत नाही म्हणून माणूस वैतागून उलटा फिरवायला लागतो. वस्तू न जोडता, नुसता मीटर लावून आधी १२ सेट करा, स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका म्हणजे धक्क्याने फिरत नाही, मग राउटर जोडा. बाजारात 'राउटर यूपीएस' म्हणून पांढऱ्या काळ्या डब्या मिळतात त्यातल्या स्वस्त डब्यांत तीन लिथियम सेलचं व्होल्टेज तसंच बाहेर सोडलेलं असतं, भरल्यावर १२.६, शेवटी साडेनऊ, त्यामुळे काही राउटर त्यावर शेवटच्या तासात हँग होतात. खराब आहे असं नाही, पण ९ व्होल्टवाला राउटर चुकून १२ च्या पिनवर लावू नका, दोन्ही पिना दिसायला सारख्याच असतात.

पिन बसली म्हणजे झालं हा सगळ्यात महागडा गैरसमज, आणि ती फी मी स्वतः भरलीय. आमच्या भजनी मंडळाचा कीबोर्ड होता, ९ व्होल्टचा. काकड्याच्या दिवसांत त्याचा अडॅप्टर सापडेना, पहाटेची वेळ, मी घरून राउटरचा अडॅप्टर आणला, पिन अगदी मापात बसली. १२ व्होल्ट हे एक, आणि त्या कीबोर्डची पिन आत मायनस बाहेर प्लस अशी उलटी होती हे दुसरं. राउटरला आत प्लस असतं. टाळ सुरू व्हायच्या आधी वास आला. बोर्ड गेला तो गेलाच, पुढचं वर्षभर मंडळी मला 'इंजिनिअर' म्हणून हाक मारायची.

म्हणून वस्तूच्या मागे तो छोटा गोलाचा नकाशा असतो ना, मध्ये ठिपका, भोवती अर्धं कडं, आणि प्लस मायनस, तो बघायचाच. ठिपका प्लसला जोडलेला म्हणजे आत प्लस. गिटारचे इफेक्ट पेडल ९ व्होल्टचे आणि आत मायनस असतात, जुने बरेच रेडिओ, टेपरेकॉर्डर पण आत मायनस. पिनच्या मापातही फसवणूक आहे, बाहेरून साडेपाच मिलिमीटर दोन्ही, आतलं भोक एकाचं २.१ आणि एकाचं २.५, मोठ्या भोकाची पिन बारीक काट्यावर बसते पण हलली की कनेक्शन तुटतं, मग लोक म्हणतात राउटर खराब झाला.

रेडिओ. चार मोठे सेल म्हणजे ६ व्होल्ट, तिथे १२ डायरेक्ट अजिबात नाही. इथे बरेच जण तीन जुगाड सांगतील. पहिला, मध्ये रेझिस्टन्स टाका. नको, कारण रेडिओ हळू आवाजात वीस-तीस मिलिअँपिअर घेतो आणि आवाज वाढवला की दोनशे, रेझिस्टन्सवर पडणारं व्होल्टेज करंटबरोबर बदलतं, म्हणजे हळू आवाजात रेडिओला जवळपास पूर्ण १२ मिळणार आणि मोठ्या आवाजात घोगरा होणार. दुसरा, दोन ६ च्या बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून त्यातल्या एकीवरून रेडिओ घ्या. ट्रकवाले हेच करतात, २४ व्होल्टच्या गाडीत एका बॅटरीवरून टेप घेतात, आणि मग ती एकच बॅटरी आधी मरते, कारण एक जास्त संपते आणि दुसरी चार्ज होताना जास्त भरते. तिसरा, हे निळं बक मॉड्यूल लावा. चालेल, पण तुमचे वडील जर मीडियम वेव्ह ऐकत असतील, पुण्याचं आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झ वगैरे, तर ते मॉड्यूल स्वतःच सेकंदाला दीड लाख वेळा चालू बंद होतं आणि त्याची घरघर थेट रेडिओच्या एरियलमध्ये शिरते. एफएमवर सहसा कळत नाही, मीडियम वेव्हवर डोकं उठतं.

रेडिओसाठी जुनाच उपाय सगळ्यात शांत: ७८०६ ची तीन पायांची आयसी. पाच-दहा-पंधरा रुपयांत पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळते. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून इनपुट, मधला मायनस, उजवा ६ व्होल्ट बाहेर. आत-बाहेर एकेक छोटा कपॅसिटर लावायचा, आत ०.३३ आणि बाहेर ०.१ मायक्रोफॅरड. जास्तीचे सहा व्होल्ट ती उष्णता करून उडवते, दोनशे मिलिअँपिअरला सव्वा वॅट, म्हणजे ॲल्युमिनियमचा एक तुकडा स्क्रूने मागे कसला की पुरे. हीच पद्धत मोबाइलसाठी वापरायला जाल तर २ अँपिअरला चौदा वॅट उष्णता होईल, त्यावर ऑम्लेट होईल, म्हणून मोबाइलला नाही. कमी करंटला ७८०६ सारखी ७८ वाली आयसी, जास्त करंटला स्विचिंगचं मॉड्यूल, एवढं डोक्यात ठेवायचं.

रेडिओ खूपच जुना असेल, जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा, तर त्यात बऱ्याचदा प्लस हा चॅसीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेला असतो. एकटा चालवला तर काही बिघडत नाही. पण त्याच बॅटरीवर दुसरी वस्तू असेल आणि दोघांमध्ये ऑडिओची वायर टाकली तर प्लस आणि मायनस त्या वायरमधून एकमेकांना भेटतात, आणि वायर लाल होते. ज्याने हे एकदा बघितलंय तो दोन वस्तू जोडण्याआधी मीटर लावतो.

मोबाइल. स्वतः काही बनवू नका, गाडीतला सिगरेट लायटर सॉकेट विकत घ्या, बॅटरीला फ्यूजसकट जोडा आणि त्यात चांगला कार चार्जर खुपसा. तो १२ ते २४ व्होल्टसाठीच बनवलेला असतो, १०.५ ते १४.५ चा पट्टा त्याला घरच्यासारखा. एकूणच कारसाठी बनवलेली, कमी करंट ओढणारी कुठलीही वस्तू तुमच्या बॅटरीवर निर्धास्त चालते, त्यात आपण डोकं लावायची गरज नाही. फास्ट चार्जिंगमध्ये ९, १२, अगदी २० व्होल्टपर्यंत जातं त्याची पण काळजी नको, तिथे आधी ५ व्होल्ट देऊन फोन आणि चार्जर आपसात बोलणी करतात, फोनने मागितलं तरच वाढतं. पण 'ट्रिगर' नावाचे छोटे बोर्ड मिळतात जे खोटं बोलून चार्जरकडून १२ किंवा २० मागून घेतात, ते सेट करताना चुकलं तर समोरची वस्तू गेली, त्यावरचा आकडा दोनदा मीटरने बघायचा.

पॉवर बँकवर राउटर चालवायची ५ ते १२ ची केबल मिळते, ती पण चालते, पण हिशोब समजून घ्या. १०००० एमएएच हे आतल्या ३.७ च्या सेलचं माप आहे, म्हणजे ३७ वॅट-अवर. १२ व्होल्टला नेल्यावर आणि मधली गळती धरून तिथे साधारण २६०० एमएएच उरतात. अर्धा अँपिअर खाणारा राउटर पाच तास चालेल, दहा हजार आकडा बघून दोन दिवस चालेल असं वाटतं तसं नाही. राउटर पूर्ण १२ वॅट मागायला लागला तर ५ व्होल्टच्या बाजूला पावणेतीन अँपिअर लागतात, जुनी २.१ वाली पॉवर बँक तिथे हात टेकते. रेडिओसारखी कमी खाणारी वस्तू लावली तर पॉवर बँकेला वाटतं फोन भरला, आणि ती अर्ध्या मिनिटात स्वतःच बंद होते, त्यात पॉवर बँकेचा दोष नाही.

तुमच्या बॅटरीचा हिशोब: १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-अवर, पण लेड ॲसिड अर्धीच वापरली तर टिकते, म्हणजे चाळीस. राउटर सहा वॅटचा धरला तर सहा-साडेसहा तास. यूपीएसमधून काढलेली आहे म्हणजे आधीच थकलेली असणार, चार तास मिळाले तरी चांगलं. कॉम्प्युटरचा दोनशे वॅटचा लोड न झेपलेली बॅटरी सहा वॅट आरामात ओढते, तेवढा फायदा आहे.

फ्यूज. हा मी सगळ्यात आधी लिहायला हवा होता. ही एवढीशी बॅटरी दिसायला गरीब असली तरी शॉर्ट झाली की क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर सोडते, हातात अंगठी असेल आणि पान्याला टेकली तर बोट भाजतं ते खोल. प्लसच्या टर्मिनलपासून चार बोटांवर ३ अँपिअरचा फ्यूज, त्यानंतरच पुढची सगळी वायरिंग. फ्यूज वस्तूजवळ लावून उपयोग नाही, मधली वायर उंदराने कुरतडली तर तिथे वाचवायला कोणी नसतं. फ्यूज मिळाला नाही म्हणून तांब्याची तार गुंडाळणारे लोक मला माहीत आहेत, तुम्ही त्यातले होऊ नका.

उलटं जोडलं जाऊ नये म्हणून प्लसच्या वायरमध्ये एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकता येतो, राउटरला १एन५८२२ चालेल. उलटं लावलं तर काहीच होत नाही, सरळ लावलं तर पाव ते अर्धा व्होल्ट कमी होतो, चार्जिंगच्या १४.४ वर तोही फायद्याचाच.

वायर पण बघा. राउटर अर्धा अँपिअर घेतो, त्याला कुठलीही साधी वायर चालते. पण आषाढीला दिंडीत हातगाड्यावर १२ व्होल्टवर चालणारा अँप्लिफायर असतो, तो जोरात वाजला की आठ-दहा अँपिअर ओढतो, आणि बॅटरीपासून पाच मीटरवर पाऊण चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर दोन व्होल्ट वायरमध्येच उडतात. बॅटरीवर १२.४ आणि अँपवर १०.४, मग आवाज फाटतो आणि सगळे स्पीकरला शिव्या देतात. म्हणून मीटर नेहमी वस्तूच्या तोंडाशी आणि वस्तू चालू असताना लावायचा. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात राहिलेली असताना व्होल्टेज बघायला जाऊ नका, तो सरळ शॉर्टच असतो.

चार्जिंगबद्दल एकच गोष्ट, पण ती जिवावरची आहे. लेड ॲसिडच्या बॅटरीचा चार्जर तीन सेलच्या लिथियम पॅकला लावायचा नाही. १४.४ भागिले तीन म्हणजे सेलला ४.८, त्याची मर्यादा ४.२. आत संरक्षणाचा बोर्ड असेल तर तो तोडेल, नसेल तर फुगून पेट घेईल आणि लिथियमची आग पाण्याच्या तांब्याने विझत नाही. उद्या ही बॅटरी मेल्यावर 'तेवढ्याच व्होल्टची' लिथियम आणून त्याच चार्जरवर टाकाल, म्हणून आत्ताच सांगतोय. तुमच्या लेड ॲसिडला १३.८ चा, ०.७ अँपिअरच्या आतला चार्जर घ्या, तो कायम लावून ठेवला तरी चालतो.

आणि हे सगळं सामान आणायच्या आधी एक करा. बॅटरी रात्रभर चार्ज करा, चार्जर काढून दोन-तीन तास तशीच ठेवा आणि मीटर लावा. १२.५ च्या वर असेल तर राउटर लावून दोन तासांनी परत बघा, १२ च्या वर टिकली तर कामाला लागा. १०.५ च्या आसपासच अडकून बसली असेल तर सहापैकी एक घर मेलेलं आहे, तिच्यावर फ्यूजचे दहा रुपये पण घालू नका, बॅटरीच्या दुकानात जुनी म्हणून द्या, शिशाचे वजनावर पैसे देतात.